शेवटाला कडसर

माद्रिदला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या लोकांबरोबर बारमध्ये गेले, आणि रेड वाईननं डोकं धरतं असं कुणीतरी सांगितलेलं म्हणून "ब्लांको" म्हणून मोकळी झाले. ब्लांको म्हणजे व्हाइट. काउंटरमागच्या माणसानं ग्लास पुसता पुसता, माझ्याकडं न बघताच विचारलं, रुएदा की अल्बारिन्यो? मला दोन्ही शब्द नवे. रुएदा म्हणायला सोपं वाटलं, रुएदा म्हणाले. आता सात वर्षं झाली, अजून तेच पिते, आणि लोकांना वाटतं यामागं काही अभ्यास-बिभ्यास असेल, तर नाही, उच्चार सोपा होता.

पहिला घोट आवडला नव्हता हे पण सांगून टाकते. पुण्यात असताना नाशिकची शनॅ ब्लां प्यायलेली, ती कशी जरा गोडाकडं झुकणारी, थंडगार, सरबताची मोठी बहीण असल्यासारखी. ही एकदम कोरडी. कापलेल्या गवताचा वास, लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, मधेच चक्क बडीशेप, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या पार मागं एक कडसर रेघ. मी ग्लास बाजूला सरकवला. तेवढ्यात समोर एक बशी आली, न मागवता, फुकट, माद्रिदमधल्या बऱ्याच बारमध्ये अजून अशी देतात, त्यात तोर्तिया दे पतातासचे तुकडे. म्हणजे बटाटा (आणि कांदा, पण कांदा घालायचा की नाही यावर इथं घराघरात भांडणं आहेत) भरपूर तेलात मऊ शिजवून अंड्यात घालून केलेलं जाड ऑम्लेट. तुकडा तोंडात टाकला, तेल, अंडं, बटाट्याचा पिठूळपणा, घास घशाखाली जाईना म्हणून नाइलाजानं दुसरा घोट घेतला. आणि ही काय मगाचची वाईन नव्हतीच. आंबटपणा तेलात जिरला, कडूपणा बटाट्यानं खाल्ला, आणि राहिला तो नुसता एक गार, हिरवा वास.

लहानपणी शाळेतून येताना आवळा चावून वर पाणी प्यायचो ना, तेच हे. पाणी गोड नसतं. आवळा पण गोड नसतो. पण पाठोपाठ आले की गोड लागतं. नंतर वाईन-पेअरिंग वगैरे मोठमोठे शब्द ऐकले, लोक चार्ट काढून देतात, पण मला अजून आवळा-पाण्याच्या पुढं काही समजलेलं नाही आणि गरजही पडली नाही.

तर रुएदा हे गावाचं नाव. माद्रिदच्या वायव्येला, हायवेनं पावणेदोन तासांवर, वायादोलिद प्रांतात, दुएरो नदीच्या बाजूला. द्राक्षाचं नाव वेर्देखो, वेर्दे म्हणजे हिरवा. सुपरमार्केटात चार ते सहा युरोला चांगली बाटली मिळते, त्याच्यावर जायची गरज नाही, जाता येतं पण गरज नाही. लेबलवर रुएदा आणि वेर्देखो दोन्ही असेल तर आत किमान 85 टक्के तरी वेर्देखो पाहिजे असा तिथला नियम. आणि वर्ष बघायचं. आपल्याला वाटतं वाईन जितकी जुनी तितकी भारी, पण या स्वस्त व्हाइटचं उलटं आहे, ती ताजीच प्यायची, बाटलीवरचं वर्ष मागच्या वर्षीचं असेल तर उत्तम, चार वर्षांपूर्वीचं असेल तर ती ऑफरमध्ये का ठेवलीय ते समजून घ्यायचं. 'सेको', म्हणजे ड्राय, याचा हिशोबही साधा आहे, द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टनं खाऊन दारू केलेली असते, युरोपच्या नियमात साधारण लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर उरली तर ड्राय म्हणतात. म्हणजे लिटरभरात चहाचा एक लहान चमचा. आमच्या घरी एका कपात दोन पडतात.

आमचं घर म्हणजे तासगाव तालुका. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढं सांगायला नको, बेदाणा, द्राक्षबागा, आणि दरवर्षी जानेवारी ते मार्च व्यापाऱ्याकडं डोळे लावून बसणं. एका वर्षी एक व्यापारी माल उचलून गेला तो गेलाच, आबांनी, म्हणजे वडिलांनी, त्याच्या नादात दोन वर्षं चपला झिजवल्या, पण तो विषय इथला नाही. द्राक्षाच्या बागेत वाढलेली मी पंचविशीपर्यंत वाईन हे द्राक्षाचं काही असतं असं कधी मनापासून धरलंच नव्हतं. द्राक्ष म्हणजे थॉमसन, नाहीतर त्यातूनच आमच्या तालुक्यात निवडलेली तास-ए-गणेश, लांबोडी, बिनबियांची, जीएत, म्हणजे मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात, घड बुडवून फुगवलेली. दारू म्हणजे दारू. ती रस्त्यावर 'परमिट रूम' अशी पाटी असलेल्या, काळ्या काचांच्या खोलीत असते आणि तिचा आपल्या बागेशी काही संबंध नाही.

आणि जेवणाशी तर नाहीच नाही. आजोबा माळकरी होते, त्यांच्या देखत कुणी कांद्यालसणाचं नाव काढताना पण विचार करायचं. आबा कधीतरी घ्यायचे, हे आम्हाला माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते बागेतल्या शेडमध्ये, मित्रांबरोबर, फुटाणे नाहीतर शेंगदाणे-फरसाण घेऊन. घरी आल्यावर आई ताट वाढायची आणि काही न बोलता आत जायची. आपल्याकडं दारूबरोबर असतो तो चखणा. चखणा म्हणजे जेवण नव्हे, दारू पोटात ढकलायला काहीतरी खारट. ताट समोर आलं की दारू संपते, ताट हे दारूच्या शेवटी येतं, आणि ते बहुतेक वेळा कुणीतरी रागानं वाढलेलं असतं. स्पेनमध्ये पहिल्यांदा बघितलं की ताट आलं की बाटली उघडतात. नुसती ठेवली तर कुणी हात पण लावत नाही, आमच्या ऑफिसातल्या एका पन्नाशीच्या बाईंना मी एकदा रिकाम्या ग्लासात घालून द्यायला गेले तर म्हणाल्या, थांब की, अजून खायला कुठं काय आलंय.

हे मला लिहायचं होतं खरं तर. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

आईआबा आले ते एका सप्टेंबरमध्ये. फळछाटणी तोंडावर आलेली, आबांचा जीव बागेत, पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणार नाही असं व्हिसाच्या आधीच सांगितलेलं, शेवटी आईच्या हट्टानं तीन आठवडे राहिले. माद्रिदचे राजवाडे, म्युझियम सगळं दाखवून झालं, आबा बघायचे, मान हलवायचे, पुढं जायचे. मग मी म्हणलं, चला द्राक्षं बघायला जाऊ. तेव्हा कुठं माणूस खुर्चीत सरळ बसला.

ग्वादारामाच्या डोंगरातला बोगदा ओलांडला की पलीकडं सगळं सपाट. समुद्रसपाटीपासून सात-आठशे मीटर उंच पठार, गव्हाची कापलेली रानं, झाड म्हणून औषधाला नाही. इथं म्हणतात की नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, स्पॅनिशमध्ये हिवाळा आणि नरक हे शब्द एकमेकांच्या इतके जवळ आहेत की ही म्हण आपोआप तयार झाली असणार. दिवसा भाजून काढणार, रात्री स्वेटर. हीच गोष्ट द्राक्षाला मानवते, दिवसाच्या उन्हात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकून राहतो. रुएदाजवळ एका गावाचं नावच ला सेका आहे, म्हणजे 'कोरडी'. आबांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडं निम्म्या गावांना द्यावं लागंल हे नाव."

पहिली बाग आली तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. तारेवरच्या नव्या बागांकडं फार लक्ष दिलं नाही, पण कडेला एक जुना तुकडा होता, गुडघ्याएवढी काळी, वाकडी खोडं, ना तार ना मांडव, जमिनीतून हाताचा पंजा वर यावा तशी. या पद्धतीला इथं 'वासो' म्हणतात, म्हणजे पेला. आबा बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "मांडव कुटाय?" मांडव नसतो म्हणलं. "मग ही बाग हाय का बांधावरची झुडपं?" पण तोवर ते खाली बसलेले, जमीन उकरत होते. वर सगळे गोटे. गुळगुळीत, नदीतल्यासारखे, कारण नदीचेच आहेत, दुएरो कधीकाळी इथून वाहत होती आणि तिनं ते टाकले, 'कास्काखो' म्हणतात या रानाला. पाणी धरत नाही, मुळं खोल जातात. "मुरमाड रान हाय," आबांनी आईला सांगितलं, जसं काही तिनं विचारलंच होतं. आणि एक गोटा खिशात टाकला.

द्राक्ष मात्र त्यांना अजिबात पसंत पडलं नाही. बारका घड, गच्च, मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, जाड सालीचा, आत बिया. एक तोंडात टाकला, चावला, बी थुंकली. "एक्स्पोर्टला जायचं न्हाई." पण गोड आहे म्हणाले, आपल्यापेक्षा गोड, आणि ते बरोबरच होतं, आपली खायची द्राक्षं अठराच्या आसपास ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) काढतात, वाईनची त्याच्या बरीच वर जाऊ देतात, तेव्हा तर तेराएक टक्के अल्कोहोल मिळतं. इतक्या गोड मण्यातून ती इतकी कोरडी वाईन कशी येते हे त्यांना पटवायला मला मडक्यातल्या ताडीपर्यंत जावं लागलं. सकाळची नीरा गोड, दुपारची ताडी आंबट, मधली साखर कुठं गेली? हां, मग कळलं.

एका बोदेगात, म्हणजे वाईनच्या तळघरात, बघायला आधी सांगून ठेवलं होतं. या गावांच्या पोटात जुनी भुयारं आहेत, वर घरं आणि खाली थंडगार गल्ल्याच गल्ल्या. तिथल्या बाईंनी जे सांगितलं ते मी आबांना मराठीत सांगत होते, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की भाषांतर करायची गरज फार पडत नाहीये. फायलोक्सेरा नावाची मुळावरची कीड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि पुढं इथल्या बागा खाऊन गेली, अमेरिकेतून आलेली, म्हणून मग अमेरिकन वेलाच्या मुळावर इथल्या वेलाचं कलम करायला लागले. "म्हंजे आपलं डॉगरिज," आबा म्हणाले. आपल्याकडं क्षाराच्या आणि कमी पाण्याच्या रानात थॉमसनला डॉगरिजचा खुंट लावतात, तो टेक्सासचा. म्हणजे तासगावची बाग काय आणि रुएदाची काय, वर आपापलं पीक आणि खाली मुळं अमेरिकेची. फक्त सेगोविया बाजूला वाळूच्या जमिनीत ती कीड पसरू शकली नाही, तिथं शंभर वर्षांपेक्षा जुने स्वतःच्या मुळांवरचे वेल अजून आहेत.

त्या बाईंनी अजून एक सांगितलं ते मला फार आवडलं. वेर्देखोला हवा सोसत नाही. रस निघाला की लगेच तांबूस पडतो, म्हणजे चिरलेलं वांगं पाण्यात टाकायला उशीर झाला की कसं काळं पडतं तसं. म्हणून पूर्वी या गावातले लोक तिच्याशी भांडतच नव्हते, तांबूसच होऊ देत होते. काचेच्या मोठ्या बरण्यांत वाईन भरून सरळ अंगणात उन्हात ठेवायची, वरच्या कडक थंडीत आणि उन्हाळ्यात ती मुरायची, सोनेरी व्हायची, तिला 'दोरादो' म्हणायचे, शेरी या स्पेनच्याच मुरवलेल्या वाईनच्या वळणाची. आई इतका वेळ नुसती ऐकत होती, ती एकदम म्हणाली, "लिंबाचं लोणचंच की."

मग 1972 साली रियोखामधलं मार्केस दे रिस्काल हे रेड वाईनचं नावाजलेलं घर चांगल्या व्हाइटसाठी जागा शोधत इथं आलं, एमिल पेनो या फ्रेंच वाईनतज्ज्ञाच्या सल्ल्यानं. स्टीलच्या टाक्या, गार ठेवलेला रस, हवा लागू द्यायची नाही. शतकानुशतकं जे द्राक्ष तांबडं-मुरलेलं व्हायचं ते आता हिरवं आणि ताजं बाटलीत जायला लागलं, 1980 मध्ये या भागाला अधिकृत दर्जा मिळाला, कास्तिया ई लेऑन प्रदेशातला पहिला. म्हणजे मी ज्याला स्पेनची जुनी परंपरा समजून पीत होते ती आबांपेक्षा वयानं लहान निघाली.

जेवायला हायवेच्या कडेला एक साधं हॉटेल, दुपारचा ठरलेला मेन्यू. या मेन्यूत पाव आणि वाईन पकडलेली असते, वेगळे पैसे नाहीत. वाढणाऱ्या बाईनं न विचारता टेबलावर घामेजलेली बाटली आणि तीन ग्लास ठेवले आणि गेली. मला गाडी चालवायची होती म्हणून मी पाणी घेतलं. राहिले दोन.

मी खरं सांगते, इतकं अवघडल्यासारखं मला त्या टेबलावर झालं की काय करावं कळेना. आई बाटलीकडं बघत नव्हती, आबांच्या हाताकडं बघत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि तिनं नवऱ्याला पिताना बघितलेलं नाही, पिऊन आलेलं फक्त बघितलंय. आबा पावाचे तुकडे करत बसले. शेवटी पहिली डिश आली, पांढरा आस्पारागस, दुएरोकाठच्या तुदेला गावचा प्रसिद्ध आहे, बोटाएवढा जाड, उकडून वर मेयोनीज. आस्पारागसबरोबर म्हणे बऱ्याचशा वाईन्स बिघडतात, धातूसारख्या लागतात, पण वेर्देखोचा स्वतःचाच वास हिरवा असल्यामुळं तिचं जमतं. हे सगळं मी बोलत सुटले, बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून. आईनं एक तुकडा खाल्ला, मग स्वतःहून ग्लास उचलला, आबांच्या आधी. चिमणीएवढा घोट. तोंड वाकडं केलं, थांबली, परत एक घास खाल्ला, परत घोट.

"मेथी भिजवलेलं पाणी," ती म्हणाली. "रोज सकाळी पिते की मी." शुगरसाठी तिचं ते दहा वर्षं चालू आहे. "त्याच्यापेक्षा बरंच हाय म्हणा."

मग आबांनी प्यायली. सवयीनं एका दमात अर्धा ग्लास, आणि आई म्हणाली, "हळू. पळून चाललीय व्हय?" एवढंच. एवढंच झालं, त्या दोघांत त्यावर अजून काही बोलणं झालेलं माझ्या तरी कानावर नाही. दुसऱ्या डिशला आबांनी लेचासो मागवला, दुधावरचं कोकरू, लाकडाच्या भट्टीत नुसतं मीठपाणी लावून भाजलेलं, त्यांनी दोनदा विचारलं की मसाला कुठं आहे. त्याच्याबरोबर इथले लोक जवळच्याच रिबेरा भागातली रेड पितात आणि ते बरोबर आहे, त्या मांसापुढं बिचारी व्हाइट दिसेनाशी झाली. आईच्या तळलेल्या मेर्लुसा माशाबरोबर मात्र, वर लिंबू पिळून, काय सांगू. ती म्हणाली की हा मासा सुरमईसारखा नाही, त्याला चवच नाही, पण घोट घेतल्यावर चव येते.

संध्याकाळी तोर्देसियासला गेलो, जवळच आहे, दुएरोवरचं गाव. 1494 साली इथं स्पेन आणि पोर्तुगालनं नकाशावर एक रेघ ओढली आणि जग वाटून घेतलं, पश्चिम तुझी, पूर्व माझी. त्या रेघेमुळं ब्राझील पोर्तुगालकडं गेलं, पूर्वेचा रस्ताही त्यांच्याकडं, 1510 मध्ये ते गोव्यात बसले, आणि ब्राझीलचा काजू कोकणात आला. बटाटा हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीज, तोर्तियातल्या पतातासचा सख्खा चुलतभाऊ. आणि विंदालू म्हणजे मुळात वाईन आणि लसूण. आबांना कराराच्या त्या जुन्या घरात फार रस नव्हता, ते नदीचं पाणी किती आहे बघत होते.

मुक्काम मेदिना देल काम्पोला होता. रात्री दोनला त्यांनी मला उठवलं. दुपारी त्या बोदेगातल्या बाई म्हणालेल्या की तोडणी रात्री असते, ते यांच्या डोक्यात बसलेलं. स्वेटर, शाल घेऊन बाहेर पडलो, आई पण. रानात लांबवर दिवे फिरताना दिसले, जवळ गेलो तर उंच मशीन, ओळीला पायांत घेऊन चाललेलं, दोन्ही बाजूंनी वेल गदागदा हलवतं आणि मणी सुटून आत पडतात, घडाचे देठ वेलावरच राहतात. मण्याला दिवसाची ऊब लागू नये, रस तांबूस पडू नये म्हणून हे मध्यरात्री ते पहाट. आबांनी आयुष्यभर मणीगळ होऊ नये म्हणून फवारण्या केल्या, घड कात्रीनं देठ धरून कापायला माणसं शिकवली, मण्यावरची लव पुसली जाऊ नये म्हणून बोट लावू देत नव्हते. आणि इथं मशीन मुद्दाम मणी गाळत होतं. ते बांधावर उभे राहून अर्धा-पाऊण तास बघत होते. मला वाटलं काहीतरी म्हणतील. म्हणाले, "डिझेल किती पीत असंल?"

पुढचे दहा-बारा दिवस माझ्या माद्रिदच्या स्वयंपाकघरात आईनं जे केलं ते मी परत करू शकणार नाही. तिनं वाईनचं काही वाचलेलं नव्हतं आणि तेच बरं झालं. ती फक्त एवढंच बघायची की घास आणि घोट एकमेकांना मारतायत का. कोथिंबीर वडी पहिल्याच दिवशी पास, ते वेर्देखोसाठीच केलेलं आहे असं वाटावं इतकं, कोथिंबिरीचा हिरवेपणा, बेसन, तळण, वर लिंबू. बटाटेवडा पास, पण सुकी लाल चटणी लावली की नापास. मेथीची परतून केलेली भाजी, कडू आणि कडू समोरासमोर आले तर दोन्हीचं कडूपण कमी होतं, हे कसं ते मला माहीत नाही पण होतं, करून बघा. डाळिंब्यांची उसळ तशीच, ओलं खोबरं आणि वालाचा तो मागचा कडवट सूर. कोळंबी तर इथले लोक लसूण घालून तेलात करतातच, गांबास आल अखियो, आईनं त्यात हिरवी मिरची आणि चिमूटभर हळद टाकली आणि शेवटी आमसूल, मी ते तेल पावानं पुसून खाल्लं. घोसाळ्याची भजी करायची होती पण घोसाळं मिळालं नाही, इथल्या कालाबासिनवर, म्हणजे झुकिनीवर, भागवलं, ठीक.

नापास काय झालं ते पण सांगते, कारण कुणी सांगत नाही. अळूवडी. डब्यातली होती, गूळ-चिंच जास्त. गोड घास खाल्ला की कोरडी वाईन एकदम आंबटढाण, पेढा खाऊन चहा प्यायल्यावर चहा कसा अगोड लागतो तसंच. गणपतीत मोदक केले तेव्हा आईनं बाटली मुळात बाहेरच काढू दिली नाही, ती वेगळ्या कारणासाठी, पण पेअरिंगच्या दृष्टीनं पण बरोबरच. आणि कांदा-लसूण मसाल्याचा तांबडा रस्सा. आबांचा फार आग्रह होता. एक घोट घेतला आणि नाकाडोळ्यांतून पाणी, तिखटावर अल्कोहोल म्हणजे विस्तवावर तेल. पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र चालली, नारळ, काजू, मिरी, तिखट बेताचं, तिथं तिनं चक्क मान राखला. आणि गार पाहिजे, आठ-दहा डिग्रीला, पण बर्फ टाकून नाही. आबांनी टाकला. मी काही बोलले नाही.

परत जाताना त्यांच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून दोन बाटल्या दिल्या, माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही. मुंबईत हीच विकत घ्यायची म्हणलं तर दीड-दोन हजारांच्या घरात जाते, इम्पोर्टेड वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के कस्टम ड्युटी, वर राज्याचं वेगळं, पाच युरोची वाईन लग्नाच्या आहेरासारखी होऊन बसते आणि मग लोक ती कपाटात ठेवतात. जिची सगळी मजा रोजच्या ताटाशेजारी असण्यात आहे ती शोकेसमध्ये.

एक बाटली संपल्याचं कळलं होतं. शेडमध्ये नाही, घरी, थालीपीठ आणि लोण्याबरोबर, स्टीलच्या पेल्यातून. दुसरीचं काय झालं म्हणून परवा विचारलं तर आबा म्हणाले, ठेवलीय की, धान्याच्या खोलीत, अंधारात, मुरतीय. मुरतीय म्हणजे? तर म्हणे चार-पाच वर्षांनी तुझ्या भावाच्या लग्नात काढू. मी कपाळाला हात लावला, म्हणलं आबा, ती मुरत नाही, ती खराब होते, दीड वर्ष झालंय, आता प्या. पलीकडून थोडा वेळ शांतता. "मग लोणच्यापेक्षा बी गयी-गुजरी निघाली की," म्हणाले. मग लांबून आईचा आवाज, काय म्हणतीय ती, आणि आबांनी तिला सांगितलं की आजच काढावी लागंल.

"आज गुरुवार हाय," आई म्हणाली. "आज घरात चालत न्हाई. उद्या कोथिंबीर घेऊन या बाजारातनं, दोन जुड्या, आणि बाटली आजच फ्रीजमध्ये घाला, दुधामागं."